नकाशा नको, सुखनाचा नियम हवा

शुक्रवारी कामावरून परस्पर विमानतळ गाठायचा, शनिवारी परक्या शहरात छातीवर लावायचा नंबर आणि टायमिंग चिप ताब्यात घ्यायची, रविवारी पहाटे एकवीस किलोमीटर धावायचं, दुपारी तिथलं खास काही जेवून परतीचा रस्ता धरायचा आणि सोमवारी पुन्हा कामावर. मुंबई-पुण्यातल्या धावणाऱ्या मंडळींचा हा कार्यक्रम आता चांगलाच रुळला आहे, आणि चंदीगड हे त्यांच्या यादीतलं आवडतं नाव आहे. मुंबईहून विमानानं अडीच तासांचा प्रवास. सवड असेल तर मडगावहून कोकण रेल्वेच्या मार्गानं थेट चंदीगडला पोहोचवणारी गोवा संपर्क क्रांती आहेच. दोन दिवसांच्या हाफ मॅरेथॉनसाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरची मंडळी विचारतात. त्यात काही वावगं नाही, पण या सहलीला पैशाची उधळपट्टी म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. एखादं शहर दोन-अडीच तास सलग पायाखालून जातं, तेव्हा ते मोटारीच्या काचेतून दिसतं त्याहून फार वेगळं कळतं. माझी तक्रार दुसरीच आहे. चंदीगडला जाऊन धावणारा माणूस तिथून पदक आणतो, टी-शर्ट आणतो, फोटो आणतो. पण ज्या एका गोष्टीमुळे त्याला तिथं मोकळेपणानं धावता आलं, ती गोष्ट आपल्या गावी मागायची असते हे त्याच्या ध्यानात येत नाही. ती गोष्ट म्हणजे एक साधा नियम. शहरातल्या एका ठरावीक जागी मोटार येणार नाही, असा नियम.

चंदीगड धावायला सोयीचं का, याचं उत्तर आधी नकाशात शोधावं लागतं. फाळणीत लाहोर गेलं आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली. अमेरिकी नगररचनाकार अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला. 1950 साली विमान अपघातात नोविकी गेले आणि काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू त्यांच्या सोबतीला होते. त्यांनी शहराचं मूळ माप ठरवलं ते 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब अशा सेक्टरचं. म्हणजे एका सेक्टरला बाहेरून वळसा घातला की चार किलोमीटर होतात. पाच वळसे घातले की वीस, आणि वर एक किलोमीटर नि थोडं अंतर उरतं. 21.0975 किलोमीटरची हाफ मॅरेथॉन इतक्या सोप्या हिशेबात बसवून देणारं दुसरं शहर आपल्या देशात सहजी सापडायचं नाही. रस्ते सरळ, चौकाचौकांत गोल चक्कर, दुतर्फा सावली. ही झाडं आपोआप उगवलेली नाहीत, एम. एस. रंधावा यांच्यासारख्या वनस्पतींची जाण असलेल्या प्रशासकानं कुठल्या रस्त्याला कुठलं झाड शोभेल आणि टिकेल याचा विचार करून ती लावून घेतली. जमीन सपाट वाटते, पण शिवालिकच्या पायथ्यापासून नैर्ऋत्येकडे तिला हलका उतार आहे. त्यामुळे सुखना तलावाच्या दिशेनं धावताना डोळ्यांना न दिसणारा चढ पोटऱ्यांना मात्र कळतो. फेब्रुवारीतली पहाट आठ-दहा अंशांची असते, हवा कोरडी असते. मुंबईच्या दमट हवेत वर्षभर घाम गाळणाऱ्याचा दम तिथं उशिरा लागतो.

एवढं सगळं असलं तरी खरी गोष्ट तलावावर आहे. शिवालिकमधून येणाऱ्या सुखना चोए या पावसाळी ओढ्याला मातीचा बांध घालून 1958 साली हा तलाव तयार झाला. मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि कॉर्बुझिए यांचं हे काम. बांध झाला की त्याच्या माथ्यावरून रस्ता न्यायचा, ही आपल्याकडची सहजप्रवृत्ती. इथं ठरलं ते उलट. बांधाच्या माथ्यावर मोटार चालणार नाही आणि पाण्यात मोटारबोट फिरणार नाही. नागरिकांना शहराच्या धबडग्यातून सुटका मिळावी, शांतता मिळावी, एवढाच त्यामागचा हेतू होता आणि तो तिथं दगडावर लिहूनही ठेवला. आज पहाटे त्या बांधावर काय दिसतं ते पाहण्यासारखं आहे. एका अंगाला पाणी आणि पलीकडे टेकड्यांची निळसर रांग, दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेला बांध. कानटोपी घातलेले सरदारजी हातातली काठी न टेकता झपाझप चालतात, शाळकरी मुलं एकमेकांना मागं टाकत पळतात, सलवार-कमीज आणि बुटांतल्या बायका घोळक्यानं बोलत जातात, आणि हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे त्यांच्यामधून वाट काढत निघून जातात. कुणीही मागं वळून पाहत नाही. ही मागं वळून न पाहण्याची सवय महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात धावणाऱ्याला परवडत नाही. आपल्याकडे धावणारा कानात गाणी लावत नाही, लावली तर एकाच कानात, कारण दुसरा कान मागच्या हॉर्नसाठी राखून ठेवावा लागतो. सुखनावर दोन्ही कान मोकळे असतात.

हा तलाव राखणंही सोपं गेलेलं नाही, हेही सांगायला हवं. टेकड्यांवरून येणाऱ्या गाळानं पहिल्या काही दशकांतच तलाव भरत चालला. मग वर पाणलोटात झाडं लावली गेली, आणि 1988 पासून चंदीगडचे नागरिक टोपल्या-फावडी घेऊन श्रमदानानं गाळ उपसायला उतरले. 2020 च्या मार्चमध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं सुखनाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला तो पाणलोटातल्या बांधकामांच्या खटल्यात. जी जागा रोज पायाखाली असते तिच्यासाठी लोक फावडं हातात घेतात आणि कोर्टातही जातात. मोटारीतून दिसणाऱ्या तलावासाठी हे झालं असतं असं मला वाटत नाही.

चंदीगडचं कौतुक मात्र इथं थांबवायला हवं, कारण बांधावरून उतरून शहरात शिरलं की चित्र पालटतं. कॉर्बुझिए यांनी रस्त्यांच्या सात पायऱ्या आखल्या होत्या. व्ही-1 हे बाहेरगावाहून येणारे हमरस्ते, व्ही-3 हे सेक्टरांच्या भोवतीचे वेगवान रस्ते, आणि शेवटची पायरी व्ही-7, म्हणजे हिरव्या पट्ट्यांतून जाणारी फक्त पायी माणसांची वाट. माणूस आणि मोटार यांची गाठच पडू नये, ही कल्पना. पण एका सेक्टरातून दुसऱ्या सेक्टरात जायचं तर व्ही-3 ओलांडावाच लागतो, आणि पाच लाख माणसांसाठी आखलेल्या शहरात 2011 सालीच साडेदहा लाख माणसं राहत होती. दरडोई मोटारींच्या हिशेबात चंदीगड देशात वरच्या रांगेत आहे. सरळ, रुंद रस्ता मोटारीला वेग देतो आणि गोल चक्कर तिला थांबायला लावत नाही. मधल्या मध्ये पायी माणूस अडकतो. म्हणजे ज्या शहरानं पायी माणसासाठी सर्वांत सुंदर नकाशा आखला, तिथंही नकाशानं माणूस वाचवला नाही. जिथं नियम होता तिथं तो वाचला. सुखनाच्या बांधावर आणि सेक्टरांमधून सुमारे आठ किलोमीटर पसरलेल्या लेझर व्हॅलीच्या बागांमध्ये मोटारीला मज्जाव आहे, म्हणून तिथं लोक धावतात. बाकीच्या ठिकाणी मज्जाव नाही, आणि तिथं त्यांना मोटारीचा अंदाज घेतच धावावं लागतं.

त्याच पंजाबात, जालंधर जिल्ह्यातल्या ब्यास पिंड गावाजवळ, 14 जुलै 2025 रोजी फौजा सिंग गेले. वयाच्या नव्वदीला टेकल्यावर मॅरेथॉन धावू लागलेला आणि 2011 साली शंभराव्या वर्षी टोरांटोची पूर्ण मॅरेथॉन पार केलेला हा माणूस. लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोचे रस्ते त्यांनी पायाखाली घातले होते. 114 व्या वर्षी आपल्याच गावाजवळ महामार्गावर मोटारीनं त्यांना उडवलं. रविवार 19 मार्च 2023 रोजी मुंबईत वरळी सी फेसवर भल्या सकाळी धावणाऱ्या एका अनुभवी मॅरेथॉनपटू महिलेला मागून आलेल्या भरधाव मोटारीनं ठोकरलं, त्यात तिचा जीव गेला. ज्या मुंबईत दर जानेवारीत मॅरेथॉनचा सोहळा होतो, त्याच मुंबईत हे घडलं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली आणि त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. हे आकडे आपण इतक्या वेळा वाचले आहेत की डोळा त्यांच्यावरून घसरतो. म्हणून एका तारखेबद्दल सांगतो. रविवार 19 जानेवारी 2025 च्या पहाटे मुंबईत टाटा मुंबई मॅरेथॉन सुरू होती. शहराचे मोठे रस्ते धावणाऱ्यांसाठी बंद होते, ठिकठिकाणी पाणी, ग्लुकोज, डॉक्टर, रुग्णवाहिका, दुतर्फा टाळ्या. त्याच पहाटे बीड-परभणी महामार्गावर घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या गावातल्या तरुणांना बसनं चिरडलं आणि तिघं जागीच गेले. त्यांच्यासाठी रस्ता बंद नव्हता. त्यांच्याकडे दुसरी जागाही नव्हती.

बीड हा अविनाश साबळेचा जिल्हा आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत धावला. एकसष्ट मिनिटांच्या आत ती पुरी करणारा तो पहिला भारतीय. त्याचं नाव ऐकून धावायला लागलेली पोरं आज मराठवाड्यात गावोगाव आहेत, आणि भरतीची 1600 मीटर किंवा मुलींची 800 मीटर शर्यत हाच त्यातल्या बहुतेकांचा नोकरीचा दरवाजा आहे. पहाटे साडेचार-पाचला कुठल्याही राज्य महामार्गावर जा, पांढऱ्या पट्टीला धरून अंधारात धावणारी पोरं हेडलाइटमध्ये दिसतात. काहींनी मोबाइलचा दिवा लावून हातात धरलेला असतो, मागच्या वाहनाला दिसावं म्हणून. चंदीगडला विमानानं जाऊन धावणारा आणि हा पोरगा यांची शर्यत एकाच गोष्टीसाठी अडते, ती म्हणजे सुरक्षित चार किलोमीटर. फरक इतकाच की एकाला ते विकत घेता येतात.

हाफ मॅरेथॉन हा खात्यापित्या लोकांचा छंद आहे, त्यांच्यासाठी इतरांचे रस्ते का अडवायचे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. एका रविवारी दुपारपर्यंत शहर अडकतं, दवाखान्यात जाणाऱ्याला वळसा पडतो, भाजीवाल्याचा धंदा बुडतो, हे खरंच आहे. पण ज्यांना हा छंद वाटतो त्यांनी सुखनावरची गर्दी एकदा नीट पाहावी. तिथं धावणारे थोडे आणि चालणारे जास्त असतात. मधुमेह असलेले, गुडघे दुखणारे, नुकतेच निवृत्त झालेले, आजीबरोबर आलेली नातवंडं. त्र्याण्णवाव्या वर्षी धावायला सुरुवात करून 2017 साली ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत 101 व्या वर्षी शंभर मीटरचं सुवर्ण जिंकणाऱ्या मान कौर याच शहरातल्या. आपल्याकडे नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून धावलेल्या लता करे होत्याच. धावणं कुणाची मिरास नाही. मोटारमुक्त जागा मात्र आज ज्याच्या सोसायटीत बाग आहे त्याची मिरास झाली आहे. म्हणूनच सार्वजनिक जागेचा आग्रह धरायचा.

दुसरा युक्तिवाद संयोजकांचा असतो. स्पर्धा झाल्या म्हणून लोक धावायला लागले, असं ते सांगतात, आणि त्यात बरंच तथ्य आहे. 1983 साली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, 2004 साली मुंबईची, 2012 साली साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. साताऱ्यानं तर यवतेश्वरचा घाट चढणं-उतरणं हीच देशभरच्या धावणाऱ्यांसाठी ओढ करून टाकली. शनिवारी साताऱ्यातल्या लॉजमध्ये जागा मिळत नाही आणि रविवारी दुपारी कंदी पेढ्यांच्या दुकानांत रांग लागते. या स्पर्धांचं मोल मला मान्य आहे. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. हाफ मॅरेथॉनची तयारी साधारण बारा ते सोळा आठवड्यांची असते. आठवड्याला तीस किलोमीटर धरले तरी बारा आठवड्यांत 360 किलोमीटर होतात. म्हणजे बंद, राखलेल्या, पाण्याच्या टेबलांनी सजलेल्या रस्त्यावर एकवीस, आणि आपल्या गावच्या ट्रक-डंपरच्या रस्त्यावर तीनशे साठ. शर्यत जगाला दिसते, सराव दिसत नाही. आणि अपघात सरावात होतात. बायकांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठोर आहे. उजाडायच्या आत एकटीनं निघायचं धाडस अनेकींना करता येत नाही, आणि उजाडल्यावर रस्ता वाहनांचा झालेला असतो.

इथंच प्रकृतीचा मुद्दाही येतो. मॅरेथॉनमध्ये कुणी कोसळल्याची बातमी आली की धावणंच घातक अशी ओरड होते. 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या 2000 ते 2010 या काळातल्या 1 कोटी 9 लाख सहभागींची तपासणी होती. त्यांत 59 जणांचं हृदय थांबलं. हाफ मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या सुमारे चौथ्या हिश्शाचं होतं. धोका अगदीच नाही असं नाही, विशेषतः चाळिशीपुढच्या पुरुषांनी तपासणी करूनच उतरावं. पण तयारीचा माणूस हाफ मॅरेथॉन निभावून नेतो. तयारीविना, फक्त सहलीच्या उत्साहात, आदल्या रात्रीची झोप विमानतळावर घालवून आणि अमृतसरी कुलच्यांवर ताव मारून धावणाऱ्याची काळजी वाटते. आणि तयारीसाठी पुन्हा रस्ताच लागतो. हवेचं म्हणाल, तर शेतातला पेंढा जळतो त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडे धावायला जाऊ नये, इतकं साधं आहे; 2017 साली दिल्लीची हाफ मॅरेथॉन पुढे ढकला, असं इंडियन मेडिकल असोसिएशननंच सांगितलं होतं.

मग सर्वांत वजनदार आक्षेप उरतो. चंदीगड कोऱ्या कागदावर आखलं गेलं. शेतं आणि गावं उठवून सरकारनं हवी तशी जमीन मोकळी केली. पुणे, कोल्हापूर, नांदेड ही शेकडो वर्षं वाढत आलेली गावं आहेत, तिथं असं काही कसं जमणार? हे म्हणणारे नकाशाबद्दल बोलत आहेत. नकाशा खरंच उचलता येत नाही, आणि गावं उठवायची किंमत देऊन तो उचलूही नये. नियम उचलता येतो. त्याचा सर्वांत जुना पुरावा आपल्याच घरात आहे: माथेरान. दस्तुरी नाक्याला मोटार थांबते आणि पुढे माणूस पायी जातो. रुग्णवाहिकेसारख्या गरजेच्या वाहनांना मुभा आहे, अलीकडे ई-रिक्षांची मर्यादित सोय झाली आहे, त्यावरून वादही झाले. पण खासगी मोटारीला वर प्रवेश नाही, म्हणून माथेरान ओस पडलेलं नाही. पर्यटक त्यासाठीच तिथं जातात. दुसरा पुरावा दर आषाढात डोळ्यांसमोर असतो. पालखी दिवे घाट चढते तेव्हा घाट वाहनांना बंद होतो, आणि त्याबद्दल महाराष्ट्रात कुणी कुरकुर करत नाही. पालखी मार्गांचं चौपदरीकरण हाती घेताना, 2021 च्या भूमिपूजनावेळीच, वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र पायवाट राखायचं ठरलं. पायी माणसाला त्याची वाट आधी द्यावी, हे तत्त्व या राज्याला कुणी फ्रान्समधून आणून शिकवायची गरज नाही. ते आपण वर्षातून काही आठवडे पाळतो.

अडचण त्या ‘काही आठवडे’ आणि ‘एक दिवस’ यांतच आहे. पुणे महापालिकेनं 2016 साली पादचारी धोरण मंजूर केलं आणि 2021 पासून 11 डिसेंबर हा पादचारी दिन ठरवला. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता मोटारींना बंद होतो, लोक रस्त्याच्या मधून चालतात, मुलं खेळतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं. मुंबईचा सागरी किनारा मार्ग मार्च 2024 मध्ये मोटारींना खुला झाला. त्याला लागून असलेला समुद्राकाठचा पदपथ लोकांसाठी खुला व्हायला ऑगस्ट 2025 उजाडला. आधी मोटार, मग जमलं तर माणूस, हा क्रम आहे. कायदा मात्र या क्रमाच्या बाजूनं नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 115 राज्य सरकारला किंवा तिनं अधिकार दिलेल्या यंत्रणेला लोकांच्या सुरक्षिततेसाठी आणि सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करायचा अधिकार देतं. मनाई महिन्याहून जास्त असेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, इतकंच. आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे नवा कायदा नको, नवा आराखडा नको, अब्जावधींचा पूल तर नकोच.

हवं आहे ते इतकंच. महाराष्ट्रात ज्या महापालिकेला, नगरपालिकेला, जिल्हा प्रशासनाला मॅरेथॉन भरवायची किंवा तिला परवानगी द्यायची आहे, त्यांनी त्याच हद्दीत किमान दोन किलोमीटरचा एक पट्टा वर्षभर, रोज पहाटे पाच ते आठ, वाहनांना बंद ठेवावा. तलावाचा बांध, नदीकाठचा रस्ता, कॅन्टोन्मेंटच्या कडेचा रस्ता, एमआयडीसीतला रविवारी ओस पडणारा रस्ता, जो सोयीचा असेल तो. कोलंबियातल्या बोगोता शहरात 1974 पासून दर रविवारी शंभरावर किलोमीटर रस्ते काही तास मोटारींना बंद होतात आणि ते शहर श्रीमंत म्हणून नव्हे तर नेमानं करतं म्हणून चालू आहे. आपण दोन किलोमीटरांपासून सुरुवात करू. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात हे करायचं म्हटलं तर कासकडची आणि बामणोलीकडची गावं काय करणार, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे: त्या गावांची एसटी, दुधाचा टेम्पो, रुग्णवाहिका सोडायचीच, वीस-तीसच्या वेगानं. अडवायची ती फुलं पाहायला पहाटेच निघालेली पर्यटकांची मोटार, आणि तीही फक्त आठ वाजेपर्यंत. ज्या गावात भरतीची पोरं सराव करतात, तिथं तर हा पट्टा स्पर्धेची वाट न पाहता द्यायला हवा. दोन बॅरिकेड, एक फलक, दोन होमगार्ड, चार दिवे, याला लागणारा खर्च एका मॅरेथॉनच्या मंडपाहून कमी आहे. प्रायोजकांनाही सांगता येईल की शर्यतीच्या कमानीवर नाव झळकवायचं असेल तर या दिव्यांचं वर्षभराचं बिल भरा.

चंदीगडला जाणाऱ्यांनी जरूर जावं. शनिवारी रॉक गार्डन पाहावं, 2016 साली जागतिक वारसा यादीत गेलेलं कॅपिटॉल संकुल पाहावं, संध्याकाळी सुखनाच्या बांधाचं एक टोक ते दुसरं टोक चालून यावं आणि रविवारी जीव तोडून धावावं. परत आल्यावर वॉर्डाच्या कार्यालयात, ग्रामसभेत, वाहतूक शाखेत एक अर्ज द्यावा, सहीनिशी, कलम 115 चा उल्लेख करून आणि रस्त्याचं नाव व वेळ लिहून. तालुक्याच्या धावणाऱ्या गटांत आज डॉक्टर, वकील, शिक्षक, पोलीस अधिकारी, नगरसेवक सगळे असतात. त्यांच्या पन्नास सह्या गोळा करायला एक रविवार पुरतो. अर्ज देताना सोबत भरतीच्या पोरांना आणि पहाटे फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही घ्यावं, कारण तो रस्ता सर्वांत जास्त त्यांनाच लागणार आहे.